घरच्या लो-फॅट ताकातून नेमकं किती पोषण मिळतं?

प्रश्न नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात सांगते. सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय आणि डॉक्टरांनी साय-लोणी बंद करायला सांगितलंय. ताईंना स्वतःचं वजन उतरवायचंय. मुलगी बारावीला आहे, दुधाला हात लावत नाही. म्हणून घरात डबल टोन्ड दुधाचं दही लावतात आणि जेवताना वाटीभर दह्याचं चार ग्लास ताक करून चौघं एकेक ग्लास घेतात. मोबाइलमधलं कॅलरी मोजणारं ॲप सांगतं की एक कप लो-फॅट बटरमिल्क म्हणजे ९८ कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण २८० मिलिग्रॅम कॅल्शियम. ताई विचारतात, मग दुधाचं काम ताकाने भागलं ना? आणि लो-फॅट आहे तर कितीही प्यायलं तरी चालेल ना?

ताई, तुमच्या घरी ताक रोज होतं ही फार चांगली सवय आहे, ती मोडू नका. पण दुधाचं काम या ताकाने भागत नाही, आणि ॲपमधला आकडा तुमच्या ग्लासातल्या ताकाचा नाही.

ॲपमधले आकडे अमेरिकेतल्या कोष्टकांतून आलेले असतात. तिकडे हा पदार्थ साय काढलेल्या किंवा कमी स्निग्ध दुधाला थेट विरजण लावून करतात आणि त्यात पाणी घालत नाहीत. १०० ग्रॅमला ४० कॅलरी, ३.३ ग्रॅम प्रथिनं, ०.९ ग्रॅम स्निग्धांश आणि ११५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. म्हणजे जवळजवळ दुधाइतकंच, फक्त साय वजा. आता आपल्याकडचे आकडे बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम ताकाला १५ कॅलरी, ०.८ ग्रॅम प्रथिनं, १.१ ग्रॅम स्निग्धांश आणि ३० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलंय. स्निग्धांश दोन्हीकडे जवळपास सारखा, पण प्रथिनं आणि कॅल्शियम आपल्याकडे पाव हिश्शाच्या आसपास. हा फरक मुख्यतः पाण्याचा आहे.

तुमच्याच वाटीचा हिशेब करू. मध्यम वाटीत साधारण १५० ग्रॅम दही बसतं. डबल टोन्ड दुधात नियमाने १.५ टक्के स्निग्धांश असतो, म्हणून त्या वाटीत सव्वादोन ग्रॅम फॅट, पाच ग्रॅम प्रथिनं, १८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि सत्तरेक कॅलरी आल्या. त्याचे चार ग्लास केले की प्रत्येकाच्या वाट्याला १७-१८ कॅलरी, सव्वा ग्रॅम प्रथिनं आणि ४५ मिलिग्रॅम कॅल्शियम. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, मुलीच्या वयाला त्याहून थोडं जास्तच. पंचावन्न किलोच्या बाईला रोज ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. तिथे या ग्लासाने किती भर पडली ते तुम्हीच बघा. आणि तुम्ही ॲपमध्ये मात्र एका ग्लासामागे आठ ग्रॅम प्रथिनं नोंदवताय. वजन उतरवणाऱ्या बायकांच्या आहारनोंदी मी वर्षानुवर्षं वाचतेय. त्यात कागदावर प्रथिनं पुरेशी दिसतात आणि अंगात मात्र ताकद नसते, केस गळतात, संध्याकाळी बिस्किटांच्या डब्याकडे हात जातो. ताकाची चुकीची नोंद हे त्याचं एक हमखास सापडणारं कारण आहे.

म्हणून ताक लो-फॅट आहे का, यापेक्षा त्यात दही किती आहे हे आधी विचारा. पातळ ताकातून फॅट फारशी वाचत नाही, कारण मुळात तिथे फॅटच नगण्य असते. उदाहरणार्थ, तुम्ही त्याच वाटीत फुल क्रीम दुधाचं, ६ टक्क्यांचं दही घेतलं असतं तर चार ग्लासांत प्रत्येकी पावणेदोन ग्रॅम जास्त फॅट आली असती, म्हणजे पंधरा कॅलरी. त्याच ताकाला चमचाभर तुपाची जिरे-हिंगाची फोडणी दिली आणि ते एकट्याने प्यायलं तर ४५ कॅलरी वाढतात. डबल टोन्डचा खरा फायदा दाट ताक पिणाऱ्याला आणि नुसतं दही खाणाऱ्याला होतो.

सासऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. बऱ्याच घरांत म्हशीच्या दुधाची साय साठवून, विरजून, रवीने घुसळतात. लोण्याचा गोळा वर येतो, तो काढला की खालचं ताक लो-फॅट झालं म्हणून आजोबांना निर्धास्त देतात. ताक खरंच हलकं झालेलं असतं. पण त्या लोण्याचं तूप कढवून ते त्याच आजोबांच्या वरणभातावर आणि पुरणपोळीवर पडत असेल, तर घरात आलेली फॅट घरातच राहिली. दुधातल्या स्निग्धांशाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो आणि कोलेस्टेरॉलला तोच भोवतो. तेव्हा महिन्याला घरात तूप किती कढतं आणि कुणाच्या ताटात किती जातं, हे ताकाच्या आधी बघायला हवं. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनी तूप सोडावं असं माझं अजिबात म्हणणं नाही.

घुसळून लोणी काढलेलं ताक आणि दह्यात पाणी घालून रवी किंवा मिक्सर फिरवून केलेलं ताक, या दोन्हींत थोडा फरक आहे. दुधात स्निग्धाचे बारीक थेंब असतात आणि प्रत्येकाभोवती एक पातळ पापुद्रा असतो. घुसळताना हे पापुद्रे फुटतात, थेंब एकमेकांना चिकटून लोणी होतं आणि पापुद्र्यांचा बराचसा भाग ताकात उतरतो. त्यात लेसिथिनसारखी फॉस्फोलिपिडं, म्हणजे स्निग्धाचाच एक प्रकार, असतात. लोणी काढलेल्या ताकाला येणारा गुळगुळीत, भरीव स्वाद बराचसा त्यांचाच. पण अ आणि ड जीवनसत्त्वं स्निग्धात विरघळणारी, ती लोण्याबरोबर निघून जातात. पिशवीवर निळं ‘+एफ’ चिन्ह असलेलं टोन्ड किंवा डबल टोन्ड दूध तुम्ही घेत असाल तर त्यात ही दोन्ही जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात. त्या दुधाचं दही लोणी न काढता घुसळलंत तर ती तुमच्या ग्लासात राहतात. बारावीची मुलगी सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, रात्री अभ्यास अशी दिवसभर घरात-वर्गात बसलेली असेल, तर ड जीवनसत्त्व ही तुमच्या घरातली खरी कमतरता असू शकते. एकदा रक्त तपासून घ्या.

आता निवळीबद्दल, कारण खरं नुकसान तिथे होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सकाळी केलेलं ताक दुपारपर्यंत ठेवलं की पांढरा भाग खाली बसतो आणि वर हिरवट-पिवळसर पाणी येतं, तीच निवळ. ताक आंबट झालं म्हणून ते वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं आणि तेवढंच ताजं पाणी घालायचं, ही पुष्कळ घरांतली पद्धत. चव सुधारते हे खरं. पण तो हिरवट-पिवळा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचा आहे. पोटॅशियम त्याच पाण्यात असतं. आणि कॅल्शियमही. ताज्या दुधात बरंचसं कॅल्शियम प्रथिनांच्या कणांना बांधलेलं असतं. दही लागताना आंबटपणा वाढत जातो तसं ते सुटं होतं आणि पाण्यात उतरतं. चांगलं आंबट झालेल्या ताकात बहुतेक कॅल्शियम त्या निवळीत असतं. ती सिंकमध्ये ओतली की पांढरं दिसतंय म्हणून आपण समाधानी राहतो, आणि हाडांसाठी जे हवं होतं ते मोरीतून गेलेलं असतं. चक्का बांधताना फडक्यातून गळणाऱ्या पाण्याचंही तेच. म्हणून चक्क्यात प्रथिनं भरपूर असली तरी कॅल्शियम अपेक्षेपेक्षा कमी भरतं.

निवळ फार आंबट लागत असेल तर तिच्यात कणीक भिजवा, थालीपिठाचं पीठ मळा, किंवा कढीला वापरा. कढी उकळताना दह्यातले जिवंत जिवाणू मरतात. प्रथिनं आणि कॅल्शियम मात्र तसंच राहतं. बी-२ उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं, पण उजेडाला टिकत नाही. ताकाचं काचेचं भांडं खिडकीत उन्हात ठेवू नका. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तर ताक कळकतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच. स्टील किंवा मातीचं भांडं, वर झाकण, आणि उन्हाळ्यात फ्रिज.

बी-१२ चं विचाराल तर ताकाचा वाटा छोटा आहे, पण पूर्ण शाकाहारी घरात मोलाचा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २.२ मायक्रोग्रॅम लागतं. १०० ग्रॅम दुधा-दह्यात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर असतं. चार ग्लासांत वाटलेल्या वाटीने ते भरून निघणार नाही. लोह तर ताकात जवळपास नसतंच.

पचनाच्या बाबतीत ताकाची बाजू खरोखर भक्कम आहे. दुधाने पोट फुगतं, गुडगुडतं अशा माणसाला ताक सोसतं, त्यामागे सरळ कारणं आहेत. विरजणातले जिवाणू दुधातली काही लॅक्टोज (दुधातली साखर), साधारण पाव हिस्सा, आंबवून लॅक्टिक आम्ल करतात. उरलेली पचवायला त्यांचंच एन्झाइम आतड्यात मदत करतं. शिवाय पाणी घातल्याने एका घोटात जाणारी लॅक्टोज कमी होते. तुमची मुलगी दुधाला नाक मुरडते ते चवीमुळे की पोटामुळे, हे तिला एकदा शांतपणे विचारा. पोटामुळे असेल तर दाट ताक तिच्यासाठी दुधापेक्षा चांगलं. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे ताकही चालत नाही.

नाशिकचा उन्हाळा आता आपल्या आईवडिलांच्या वेळचा राहिलेला नाही. एप्रिलमध्ये निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची खरड छाटणी चालू असते, माणसं सकाळपासून मांडवाखाली वाकलेली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पत्र्याखाली काम. अशा माणसाच्या घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातं, आणि मीठ घातलेलं पातळ ताक त्याला दोन्ही परत देतं, वर थोडं पोटॅशियमही. म्हणून शेतावर कळशीभर पातळ ताक नेण्याची पद्धत अगदी योग्य आहे. तिथे ते पोषणासाठी नसून तहानेसाठी आहे. पण जुलाब-उलट्या लागल्या, लघवी कमी झाली, माणूस मलूल पडला, तर ताकावर भिस्त ठेवू नका. ओआरएसची पुडी हवी. तिच्यात मीठ आणि ग्लुकोज ठरलेल्या प्रमाणात असतात. आतड्यात ती जोडीने शोषली जातात आणि पाणी त्यांच्यामागून आत येतं. ताकात ते प्रमाण नसतं.

दिवसभर पंख्याखाली बसणाऱ्याला मात्र हे मीठ नको आहे. छोटा सपाट चमचा मीठ म्हणजे पाच ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादाही तेवढीच. एका ग्लासात पाव चमचा मीठ पडलं तर साधारण ५०० मिलिग्रॅम सोडियम गेलं. ‘कितीही’ ताक म्हणून चार ग्लास प्यायलात तर ताकातूनच दिवसाची मर्यादा गाठली, आणि भाजी, लोणचं, पापड अजून बाकीच आहे. काळं मीठ, सैंधव यांतही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड असतं, फक्त वास आणि रंग वेगळा. सासऱ्यांना रक्तदाबही असेल तर त्यांच्या ताकात मीठ घालूच नका. भाजलेल्या जिऱ्याची पूड, ठेचलेलं आलं, पुदिना, कोथिंबीर, हिरव्या मिरचीचा एक तुकडा खलबत्त्यात कुटून घाला. आठवडाभरात जिभेला सवय होते.

मिसळीचा विषय निघणारच. मिसळीवर ताक प्यायलं की तर्री पचते, तेल उतरतं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तिखटाने पेटलेलं तोंड ताकाने निवतं, हे अगदी खरं. दुधातलं केसीन हे प्रथिन मिरचीतल्या झणझणीत द्रव्याला धरून ठेवतं, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा ताकाने लवकर आराम पडतो. तर्रीतलं तेल मात्र तर्रीएवढंच राहतं. लग्नातला जिलबीबरोबरचा मठ्ठा तर साखर घातलेला असतो. मधुमेह असलेल्यांनी ताक समजून वाटीवर वाटी घेऊ नये.

पिशवीतलं तयार ताक घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. १०० मिलिलिटरला प्रथिनं किती, सोडियम किती, साखर घातलीय का. प्रथिनं दीड ग्रॅमच्या पुढे असतील तर ते बऱ्यापैकी दाट आहे. फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या खोक्यातलं ताक उष्णतेची प्रक्रिया केलेलं असतं. त्यात जिवंत जिवाणू राहत नाहीत. कॅल्शियम-प्रथिनांना त्याने बाधा येत नाही, पण पोटाच्या तक्रारीसाठी घेत असाल तर उपयोग कमी. उन्हाळ्यात रस्त्याकडेला मिळणाऱ्या सुट्या ताकात माझी काळजी ताकाची नसते, त्यातल्या पाण्याची आणि बर्फाची असते.

ताकाला सगळ्यात चांगली साथ भाकरीची. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं आणि दुधाच्या प्रथिनांत ते भरपूर असतं. ताकभाकरी एकत्र खाल्ली की भाकरीतलं प्रथिन शरीराला जास्त कामी येतं. पण इथेही ताक दाट हवं. आणि आपल्या जिल्ह्याची खरी श्रीमंती नागली, म्हणजे नाचणी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरांत पिकणाऱ्या या धान्यात १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, गहू-तांदूळ त्याच्या जवळपासही नाहीत. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम नागलीचं पीठ रात्री थोड्या ताकात कालवून ठेवायचं. सकाळी पाण्याला उकळी आणून त्यात ते ओतायचं, गुठळी होऊ न देता ढवळत शिजवायचं, कोमट झालं की वरून वाटीभर दह्याचं दाट ताक घालायचं. आंबिलीच्या या एका वाडग्यात अडीचशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि जेमतेम पावणेदोनशे कॅलरी होतात. नागलीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, त्यातलं फायटिक आम्ल अडवतं. पण रात्रभर आंबल्याने आणि मोड आणून दळलेलं पीठ वापरल्याने ती अडचण बरीच कमी होते. मुलीला परीक्षेच्या दिवसांत सकाळी हेच द्या. तिखट-मिठाऐवजी गूळ आवडला तर गूळ.

तर तुमच्या घरापुरतं असं करा. एका वाटीचे चार ग्लास करण्याऐवजी माणशी एक वाटी दही धरा आणि त्यात एखादा पेला पाणी घाला. दूध थोडं जास्त लागेल, पण चौघांसाठी अर्ध्या-पाऊण लिटरात भागतं. असं एकदा दुपारच्या जेवणाबरोबर आणि मुलीला सकाळच्या आंबिलीत. वरती तहान लागली तर पातळ ताक खुशाल घ्या, ते पाण्याच्या हिशेबात धरा. ॲपमध्ये ‘बटरमिल्क’ शोधू नका. ‘लो-फॅट दही, १५० ग्रॅम’ अशी नोंद करा, म्हणजे पाण्याने गोंधळ होणार नाही. वजन उतरवण्यासाठी जेवणाऐवजी ताक पिणं मला मान्य नाही. तुमचे ४६ ग्रॅम डाळ, उसळ, शेंगदाणे, दही असं सगळ्यांनी मिळून भरायचे आहेत, आणि त्यात दाट ताकाचा वाटा पाच ग्रॅमचा.

घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियम-फॉस्फरसमुळे ताकाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि गोळ्यांचा डबा एकदा उघडून बघा. तुमची किंवा मुलीची लोहाची गोळी चालू असेल तर ती ताकाबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, कारण कॅल्शियम लोहाला अडवतं. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर त्यानंतर चार तास ताक, दही आणि आंबीलही नको. कुणाला सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा टेट्रासायक्लिन गटातलं प्रतिजैविक दिलं असेल, तर ती गोळी ताकाच्या निदान दोन तास आधी घ्यायची.